घर बघताना 'फॅमिली' कुणाला म्हणायचं?



आज आपण शहरात घर बघण्याविषयी बोलणार आहोत. मुलाचं कॉलेज, सुनेची नोकरी, सासऱ्यांचा दवाखाना, अशा कारणांनी साताऱ्यात नाहीतर सांगलीत खोली बघायला आपल्यातल्या बऱ्याचजणी जाऊन आल्या आहेत. भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी किती वेळ येतं, हे आपण विचारतो. घरमालक आपल्याला एकच विचारतो, "फॅमिली आहे का?" आपण हो म्हणतो आणि चावी हातात येते.

पण ज्यांना या प्रश्नाचं उत्तर इतक्या सहज देता येत नाही, त्यांनी काय करायचं? त्यांनी कोणता भाग निवडायचा?

आमच्या एका गटातल्या ताईंनी हा प्रश्न बैठकीत मांडला. नाव-गाव सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून सांगत नाही. त्यांचा धाकटा भाऊ ४७ वर्षांचा आहे. तो पुण्यात एका कारखान्यात हिशेबाचं काम करायचा. त्याचा जोडीदार ५१ वर्षांचा, तोही पुरुष. दोघं १६ वर्षं एकत्र राहतात. ताईंची आई ७६ वर्षांची, कराड तालुक्यात गावी एकटीच असते. तिला आता मोतीबिंदू आहे, गुडघे साथ देत नाहीत. मुलानं जवळ यायचं ठरवलं. आई म्हणाली, "दोघंही या. पण गावात नको. भावकीला मी रोज कुठवर उत्तरं देत बसू?" कराडहून एका बाजूला सातारा, दुसऱ्या बाजूला सांगली. दोन्हीकडं एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मग सातारा की सांगली, आणि तिथंही कोणता भाग? ताई आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही इतकी गावं फिरता, सांगा काहीतरी."

आम्ही चौकशी केली, कागद वाचले, वकिलांना विचारलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतो. हे त्या दोघांपुरतंच नाही. आपल्या गटांमध्ये नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, लग्न न केलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांनाही शहरात खोली बघताना "मिस्टर कुठं असतात?" हेच विचारलं जातं. त्यामुळे पुढचं प्रत्येकीच्या उपयोगाचं आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करू

काही पुरुषांना पुरुषांविषयी आणि काही बायकांना बायकांविषयी ओढ असते. त्यांना समलिंगी म्हणतात. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच आजारांच्या यादीतून हे काढून टाकलं. औषधानं, अंगाऱ्यानं किंवा जबरदस्तीच्या लग्नानं ते बदलत नाही. उलट जिच्याशी लग्न लावून देतात त्या मुलीचंही आयुष्य वाया जातं. हे फक्त मुंबई-पुण्यात असतं असंही नाही. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळालेला 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट गावाकडंच घडणारी दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. त्यामुळे दोन पुरुष किंवा दोन बायका एका घरात राहतात म्हणून पोलीस काही करू शकत नाहीत. पुढं १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं अशा लग्नाला मान्यता दिली नाही, तो विषय संसदेचा आहे असं म्हटलं. पण जोडीदार निवडण्याचा आणि एकत्र राहण्याचा हक्क आहे, हिंसाचारापासून त्यांना संरक्षण मिळालं पाहिजे, हेही सांगितलं.

म्हणजे एकत्र राहायला बंदी नाही, पण कागदावर नातंही नाही. घर निवडताना येणाऱ्या सगळ्या अडचणींचं मूळ इथं आहे. नवरा-बायकोला जे आपोआप मिळतं, ते या दोघांना एकेक करून जमवावं लागतं. काही कागदानं, काही शेजाऱ्यांच्या जोरावर. म्हणून भाग निवडताना आम्ही चार प्रश्न काढले.

पहिला प्रश्न: इथं भाडेकरू ठेवायची सवय आहे का?

ज्या भागात बदलीवरचे कर्मचारी, विद्यार्थी, पेशंटचे नातेवाईक येत-जात असतात, तिथल्या घरमालकांना परक्या माणसाची सवय असते. ते भाडं वेळेवर येतं का, घर नीट ठेवतात का, एवढं बघतात. साताऱ्यात सदर बझारच्या बाजूला कलेक्टर कचेरी, सिव्हिल हॉस्पिटल अशी सरकारी ठिकाणं आहेत, तिथं बदलीची माणसं राहतात. सांगलीत विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद ही जुनी कॉलेजं, त्यामुळे खोल्या भाड्यानं देणं तिथं रोजचंच. मिरजेची तर गोष्टच वेगळी. १८९४ साली तिथं वानलेसचा दवाखाना सुरू झाला, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कर्नाटकातून पेशंट येतात, बरोबरची माणसं महिना-महिना खोली घेऊन राहतात. मराठी, कन्नड, उर्दू सगळं कानावर पडतं. तिथं कोण कुणाचा कोण, हे विचारायला लोकांना सवड नसते.

साताऱ्याच्या जुन्या पेठा किंवा सांगलीचा गावभाग याच्या उलट. तिथं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी घरं आहेत. नवीन माणूस आला की तिसऱ्या दिवशी त्याचं मूळ गाव, आडनाव, पाहुणे सगळं विचारून होतं.

दुसरा प्रश्न: रात्री दोन वाजता दार कोण उघडेल?

वरचं ऐकून वाटेल, मग पेठेत नकोच. तसं नाही. जो भाग काही विचारत नाही, तो अडचणीला धावूनही येत नाही. विशीतल्या मुलांना ते चालतं. पन्नाशीला आलेल्या माणसाला बीपी असतं, साखर असते, म्हातारी आई असते. त्याला शेजार लागतो. जी पेठ चौकशी करते, तीच पेठ रात्री गाडी काढून दवाखान्यातही नेते.

आमच्या मते मधला मार्ग धरावा. सगळ्या गल्लीनं आपल्याला समजून घ्यावं ही अपेक्षा नको. तीन दारं पुरेत. एक घरमालकाचं, एक लागून असलेल्या शेजाऱ्याचं, एक किराणा किंवा औषधाच्या दुकानाचं. ही तीन माणसं ओळखीची झाली की त्या भागात पाय रोवला जातो. घर बघायला जाल तेव्हा खोली दहा मिनिटं बघा आणि दुकानात अर्धा तास बसा. एकदा सकाळी जा, एकदा रात्री नऊला. त्या आळीत एकट्या राहणाऱ्या बाया आहेत का, आणि लोक त्यांच्याविषयी कसं बोलतात, हे ऐका. जिथं एकट्या बाईला सुखानं राहू देतात, तिथं या दोघांनाही राहू देण्याची शक्यता जास्त.

तिसरा प्रश्न: वय वाढलं की हे घर पुरेल का?

तरुणपणी आपण गच्ची बघतो, पन्नाशीत जिना बघावा. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलंय. किल्ल्याकडच्या बाजूला भाडं परवडलं तरी चढ रोज चढावा लागतो. गुडघेदुखीच्या आईला तो जमणार नाही. एसटी स्टँड, दवाखाना, भाजी चालत गाठता यावी.

सांगलीत चढ नाही, पण कृष्णा आहे. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैतही पूर आला. म्हणून नदीकाठच्या भागात घर बघताना भिंतीवर पाण्याची रेघ कुठंवर आली होती हे विचाराच. विश्रामबाग आणि त्यापुढं मिरजेकडं जमीन उंच आहे. पूर आला की नवरा-बायको तिच्या माहेरी किंवा त्याच्या भावाकडं जातात. या दोघांना तसं जायला घर असेलच असं नाही. म्हणून त्यांनी उंचावरचाच भाग बघावा, हे आम्ही आवर्जून सांगितलं.

चौथा प्रश्न: कागद कसा करायचा?

महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणी करून देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये असते, मुद्रांक शुल्क वेगळं. साधारण ११ महिन्यांचा करार होतो.

करारात दोघांचीही नावं घालायची. एकाच्याच नावावर करार असेल आणि त्याला काही झालं, तर दुसरा त्या घरात परका ठरतो. दोघांची नावं घालायला नातं लिहावं लागत नाही. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती द्यायची असते, तीही खरी द्यावी. पुष्कळजण सोपं पडतं म्हणून "आम्ही मावसभाऊ" असं सांगतात. तोंडी काय सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, कारण कुठं किती धोका आहे हे त्यालाच माहीत. पण कागदावर खोटं नातं लिहू नये, ते पुढं अंगाशी येतं. "आम्ही दोघं राहणार, दोघं कमावतो, आई अधूनमधून येईल," एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

एखाद्या मालकानं नाही म्हटलं तर? तृतीयपंथी व्यक्तींना घर नाकारणं २०१९ च्या कायद्यानं बेकायदा आहे. समलिंगी जोडप्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही. त्यामुळे नकार ऐकून पुढचं घर बघावं लागतं. हे कडू आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

घर विकत घ्यायचं असेल तर आणखी काळजी घ्या. खरेदीखतात पहिल्या दिवसापासून दोघांची नावं आणि कुणाचा किती हिस्सा ते लिहा. नवरा आपलं राहतं घर बायकोला बक्षीसपत्रानं देतो तेव्हा आपल्या राज्यात २०० रुपयांचं मुद्रांक शुल्क लागतं. ही सवलत ठरावीक नात्यांनाच आहे. हे जोडपं नंतर नाव घालायला गेलं तर पूर्ण मुद्रांक शुल्क भरावं लागेल. आणि दोन बायका मिळून राहतं घर घेत असतील तर एक फायदाही आहे. फक्त महिलांच्या नावावर घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

मृत्युपत्र तर दोघांनीही करावंच. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या वाट्याचं आई, भाऊ, बहीण, पुतणे यांच्याकडं जातं. १६ वर्षं बरोबर राहिलेल्या माणसाला काही मिळत नाही. बायकांचं आणखी अवघड आहे. मूलबाळ नसलेल्या विधवेनं स्वतःच्या कमाईनं घर घेतलं आणि मृत्युपत्र केलं नाही, तर ते घर नवऱ्याच्या वारसांकडं जातं, तिच्या आईबापाकडंसुद्धा नाही. मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्या गटात पुन्हा एकदा वाचून दाखवा. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही द्यायचंय तो साक्षीदार नसावा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली.

आणखी तीन गोष्टी २०२४ मध्ये स्पष्ट झाल्या. समलिंगी जोडीदारांना बँकेत जोडखातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्राच्या अर्थ खात्यानं ऑगस्टमध्ये सांगितलं. रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, असं राज्यांना कळवलं गेलं. आणि जवळचे नातेवाईक हजर नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असंही आरोग्य खात्यानं राज्यांना लिहिलं. तलाठ्याकडं, बँकेत, पुरवठा कार्यालयात हे सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. आपण शांतपणे सांगायचं. एक मात्र लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी पैसे हातात घेतो, पण हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याचा.

मग त्या दोघांनी काय ठरवलं?

साताऱ्यात त्यांना दोन घरं आवडली होती. "बायका नाहीत तर नको," म्हणून दोन्ही ठिकाणी नकार आला. सांगलीत विश्रामबागेत तळमजल्याची दोन खोल्यांची जागा मिळाली. घरमालकीण निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?" आळीपाळीनं करतो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग घर स्वच्छ राहील." ११ महिन्यांचा करार दोघांच्या नावावर झाला. लगेच विकत घेऊ नका, आधी एक पावसाळा काढा, असं आम्ही सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत झालं आणि ती पंधरा दिवस त्यांच्याकडं राहिली. डोळ्यात थेंब घालायचं काम भावाच्या जोडीदाराकडं होतं. गावी परतल्यावर भावकीतल्या कुणी विचारलं, "तो दुसरा कोण?" आई म्हणाली, "माझ्या घरातला आहे." त्यावर पुढं कुणी बोललं नाही असं नाही. बोलतात अजून. एक चुलतभाऊ तर घरी यायचा बंद झालाय. पण आई आता दर महिन्याला सांगलीची एसटी पकडते.

आपल्या हातात काय आहे?

आपण घरमालकीण असू शकतो. रस्त्याकडेची खोली भाड्यानं देणाऱ्या कितीजणी आपल्यात आहेत! भाडेकरू निवडताना भाडं, वागणूक, स्वच्छता बघा. रात्री दार लावल्यावर घरात कोण कुणाचं काय लागतं, हा आपला हिशेब नाही.

आपण शेजारीण असू शकतो. समोरच्या घरात दोन बाया किंवा दोन पुरुष राहायला आले तर पहिल्या आठवड्यात पाण्याची वेळ आणि कचऱ्याची गाडी कधी येते ते सांगा. एवढ्यानं पहिलं दार उघडतं. त्यांनी आपल्यापाशी मन मोकळं केलं तर ते आपल्यापाशीच ठेवा. दुसऱ्याचं गुपित बाहेर गेलं तर त्याची नोकरी आणि घर दोन्ही जाऊ शकतं.

आणि आपण आई, बहीण, मावशी असू शकतो. भाऊ किंवा लेक असं काही सांगायला आली तर रागानं बोलण्याआधी पाणी द्या आणि ऐका. "लोक काय म्हणतील" हे विचारायचंच असेल तर "तू राहशील कुठं, आजारी पडलास तर कोण बघेल" हे आधी विचारा. घर बघायला बरोबर जा. बरोबर बहीण असली की घरमालकाचे निम्मे प्रश्न दारातच संपतात, हे त्या ताईंनी अनुभवलंय.

मदत लागली तर कायद्याच्या सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. महिलांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. मनावर ताण असेल तर टेलि-मानस, फोन १४४१६. तातडीच्या वेळी ११२.

या महिन्याच्या बैठकीत दोन प्रश्न बोलायला घ्या. आपल्या गावात एकट्या बाईला खोली मिळते का? आणि आपल्यापैकी कितीजणींनी मृत्युपत्र केलंय? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. मृत्युपत्र कसं लिहायचं, त्याचा साधा नमुना आपण पुढच्या भागात बघू.